चेंडू अडवणाऱ्यांपैकी बेसबॉलच्या इतिहासात कोणाचे नाव राहिले?

प्रश्न : मिरजवाट

मी सांगली जिल्ह्यातील एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि चौदा वर्षांखालील मुलींचा सॉफ्टबॉल संघ सांभाळते. पावसाने मैदानावर चिखल झाला की सराव बंद पडतो. अशा दिवशी आमचा खेळ ज्यातून निघाला त्या बेसबॉलच्या हकिकती मी वर्गात सांगते. गेल्या आठवड्यात १९२७ सालच्या न्यूयॉर्क यांकीज संघाविषयी बोलले: त्या हंगामातील ११० विजय, बेब रूथचे ६० आणि लू गेरिगचे ४७ होम रन, म्हणजे फलंदाज एकाच फटक्यावर पूर्ण फेरी मारून धाव घेतो ते फटके. मुली रंगून ऐकत होत्या. मात्र शेवटी आमची शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या (धावपटूच्या थांब्यांच्या) मध्ये उभी राहणारी क्षेत्ररक्षक, मला म्हणाली, "बाई, चेंडू अडवला म्हणून कुणाचं नाव राहिलंय का?"

ही मुलगी जमिनीलगत सरपटत येणारा चेंडू ग्लोव्हमध्ये घेते आणि पुरती उभी राहण्याआधीच फर्स्ट बेसकडे फेकते. फलकावर त्याची खूण उमटत नाही. तिचा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. तिला कोणते संघ आणि कोणते खेळाडू सांगावेत?

प्रतिसाद : अजिंक्यतारा

बाई, आपण न्यूयॉर्क जायंट्सचा मधल्या मैदानातील क्षेत्ररक्षक विली मेज याच्यापासून सुरुवात करावी. १९५४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे चार सामने आधी जिंकणाऱ्याला विजेतेपद देणाऱ्या अंतिम मालिकेत, जायंट्ससमोर हंगामात १११ सामने जिंकून आलेला क्लीव्हलंडचा संघ होता. पहिल्या सामन्यात, आठव्या डावात, धावसंख्या २-२ अशी असताना आणि पहिल्या व दुसऱ्या बेसवर धावपटू उभे असताना विक वर्ट्झने चेंडू मधल्या मैदानात ४०० फुटांहून लांब मारला. मेज फलंदाजाकडे पाठ करून भिंतीच्या दिशेने धावत सुटला, खांद्यावरून येणारा चेंडू त्याने झेलला आणि त्याच झोकात गर्रकन वळून आत फेकला. एकही धाव झाली नाही.

हा सामना झाला ते पोलो ग्राउंड्स हे मैदान विलक्षण लांबट होते, हे मुलींना अवश्य सांगा, कारण उजव्या कोपऱ्यातील भिंत जेमतेम २६० फुटांवर होती आणि दहाव्या डावात डस्टी ऱ्होड्सने त्याच बाजूला मारलेल्या आखूड फटक्यावर जायंट्सने तो सामना ५-२ असा जिंकला. पुढचे तीनही सामने त्यांचेच झाले. तो झेल सुटला असता तर मालिकेचे चित्रच पालटले असते, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद : गणपती पेठ

मेजचा झेल थोरच आहे, तथापि तो आउटफिल्डचा, म्हणजे बेसच्या पलीकडच्या लांबच्या मैदानातला आहे. आपली मुलगी इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसजवळच्या भागात खेळते, म्हणून तिला १९७० चा बाल्टिमोर ओरिओल्स संघ आणि त्याचा थर्ड बेसमन (तिसरा बेस सांभाळणारा) ब्रुक्स रॉबिन्सन अधिक जवळचा वाटेल. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये सिनसिनाटीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्यांच्या ली मेचा जोरकस फटका थर्ड बेसलगत डाव्या रेषेकडे गेला. रॉबिन्सनने तो उलट्या हाताने बेसच्या मागे अडवला, धावेच्या ओघात तो फाउल रेषेपलीकडे, म्हणजे खेळाच्या हद्दीबाहेर गेला आणि तेथूनच अंग वळवून त्याने चेंडू फर्स्ट बेसकडे फेकला. चेंडू एक टप्पा घेऊन पोचला आणि मे बाद झाला. पुढच्या डावात रॉबिन्सननेच होम रन मारला व ओरिओल्सने सामना ४-३ असा जिंकला. मालिका त्यांनी ४-१ अशी घेतली आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा गोल्ड ग्लोव्ह त्याने सलग १६ वेळा मिळवला.

शॉर्टस्टॉपच हवा असेल तर सेंट लुइस कार्डिनल्सचा ऑझी स्मिथ: १३ गोल्ड ग्लोव्ह, १९८२ चे विजेतेपद आणि २००२ मध्ये हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत स्थान.

प्रतिसाद : पाटण खोरे

ताई, या यादीत पिट्सबर्ग पायरेट्सचा रोबेर्तो क्लेमेंते राहून जाऊ नये. उजव्या आउटफिल्डमधून त्याची फेक इतकी जोरदार आणि नेमकी असे की धावपटू पुढचा बेस घेण्याआधी थबकत. त्याने १२ गोल्ड ग्लोव्ह आणि १९६० व १९७१ अशी दोन विजेतेपदे मिळवली. त्या दोन्ही वर्ल्ड सिरीजच्या सातही सामन्यांत त्याने हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका मारला. १९६० च्या सातव्या सामन्यात यांकीजविरुद्ध १०-९ असा विजय मिळवून देणारा होम रन बिल मॅझेरॉस्की या सेकंड बेसमनचा होता, आणि तोही मुळात हातांच्या चपळाईसाठीच नावाजलेला होता.

डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वात भूकंप झाला. मदतीचे सामान लोकांपर्यंत पोचत नाही असे कानी आल्यावर ३१ डिसेंबरला क्लेमेंते स्वतः सामानाच्या विमानात बसला. ते विमान समुद्रात कोसळले आणि तो गेला. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात आमचे घर पडले तेव्हा मी लहान होतो. बाहेरगावाहून घोंगड्या आणि धान्य घेऊन आलेल्या माणसांचे चेहरे मला अजून आठवतात, म्हणून या खेळाडूविषयी लिहिताना हात थांबत नाही.

मिरजवाट

सर्वांचे मनापासून आभार. आजही पाऊस होता, म्हणून फळ्यावर डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, आखून रॉबिन्सनची फेक समजावली. आमच्या शॉर्टस्टॉपने खडू घेतला, फाउल रेषेपलीकडे एक फुली मारली आणि तेथून फर्स्ट बेसपर्यंत किती पावले भरतील, असे विचारले. मैदान वाळले की ते अंतर आम्ही मोजणार आहोत. क्लेमेंतेविषयी पुढच्या पावसात सांगेन.