कडकपणा वरून दिसत नाही

असं म्हटलं जातं की चांगला कॅमेरा आणि भरपूर फोटोंवर शिकवलेलं संगणकाचं मॉडेल असलं की कोंबडीच्या ब्रेस्टमधले, म्हणजे छातीच्या मांसातले, सगळे दोष पकडता येतील. व्हाइट स्ट्रायपिंग या दोषापुरतं हे पटतं. स्नायूंच्या धाग्यांना समांतर जाणाऱ्या त्या पांढऱ्या चरबीच्या रेघा साध्या रंगीत फोटोतही स्पष्ट दिसतात. फक्त ओल्या मांसावरची चकाकी मॉडेलला रेघ वाटू नये म्हणून पोलरायझिंग फिल्टर (चकाकी कमी करणारी काच) आणि पसरट प्रकाश हवा.

वुडी ब्रेस्टचं मात्र तसं नाही. तो मुळात कडकपणाचा दोष आहे, आणि वरून काढलेल्या फोटोत कडक तुकडा बऱ्याचदा चांगल्या तुकड्यासारखाच दिसतो. यावर अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी काढलेली युक्ती मला फार आवडते: कॅमेरा बाजूला लावायचा आणि तुकडा सरकत्या पट्ट्याच्या (कन्व्हेयरच्या) टोकावरच्या रोलरवरून खाली पडताना किती वाकतो ते मोजायचं. चांगला तुकडा रोलरवरून लोंबतो, कडक तुकडा ताठ पुढे येतो. म्हणजे रंग न बघता आकार बदलताना बघायचा. इथे तुकड्याची दिशा सांभाळावी लागते, कारण कडकपणा बहुधा जाड टोकाकडे जास्त असतो. तापमानही सारखं हवं. जास्त गार झालेलं निरोगी मांससुद्धा ताठ होतं. आणि प्रशिक्षणासाठी लेबल लावताना फोटो बघून लावू नका, प्रत्येक तुकडा हाताने दाबूनच लावा. नाहीतर जे डोळ्यांना दिसत नाही ते मॉडेल शिकणार कुठून?