टीजीए बाळ: ठाण्याहून खारघरला हलवताना प्रोस्टाग्लँडिन किती, ट्यूब टाकायची का?

घोडबंदर_एनआयसीयू
पूर्ण दिवसांचं बाळ, ३ किलो, वय १४ तास. सॅच्युरेशन ६८ ते ७२, ऑक्सिजन वाढवूनही तिथेच. छाती स्वच्छ. इकोत टीजीए (हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्या उलट जोडलेल्या), व्हीएसडी (खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक) नाही, पीएफओ (वरच्या कप्प्यांमधलं भोक) जेमतेम २ मिमी. खारघरला बेड मिळालाय. अल्प्रोस्टाडिल (डक्ट उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन) कसं लावू?

वाशी_बालहृदय
५०० मायक्रोग्रॅमची एक अँप्यूल ५% डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून एकूण ५० मिली करा, म्हणजे १ मिलीत १० मायक्रोग्रॅम. ०.०५ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिटने सुरुवात. ०.०५ × ३ × ६० = तासाला ९ मायक्रोग्रॅम, म्हणून पंप ०.९ मिलीवर. सॅच्युरेशन ७५च्या वर टिकलं की ०.०२ वर आणा, पंप ०.३६.

औषध फुफ्फुसातून एकदा फिरलं की बहुतेक निकामी होतं. लाइन निघाली तर परिणाम काही मिनिटांत ओसरतो, म्हणून दुसरी शीर तयार हवीच. आणि ही लाइन कुणी फ्लश करू नये! आतलं औषध एकदम गेलं तर बीपी पडतं, श्वास थांबतो. मांडीची शीर टोचू नका, सेप्टोस्टॉमीला (बलूनने पीएफओ मोठं करायला) लागते.

ट्रान्सपोर्ट_सिस्टर
०.०२ वर बाळ नीट श्वास घेत असेल तर श्वासनलिकेत ट्यूब न टाकता नेता येतं, पण बॅग-मास्क हाताशी आणि सोबत ट्यूब टाकता येणारं माणूस हवं. डोस ०.०५ वरच ठेवावा लागत असेल तर निघण्याआधीच ट्यूब टाका. ॲम्ब्युलन्समध्ये ते करणं म्हणजे कसरत.

जादा अँप्यूल आइसपॅकच्या डब्यात, पंपाची बॅटरी पूर्ण चार्ज. ऐरोलीमार्गे ठाणे-बेलापूर रोड धरा. शिळफाट्याला अडकलात की संपलं. वाटेत ताप आला तर औषधाचाही असू शकतो, पण कल्चर पाठवलेलं बरं.

वाशी_बालहृदय
मुख्य काळजी त्या २ मिमीची. डक्ट (महाधमनी आणि फुफ्फुसाची धमनी जोडणारी नळी) उघडली की फुफ्फुसाकडे रक्त वाढतं, डाव्या कर्णिकेत दाब चढतो. पण भोक लहान असेल तर ते लाल रक्त उजवीकडे येतच नाही. ड्रिप चालू असूनही सॅच्युरेशन वाढलं नाही आणि लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडल्याची रक्तातली खूण) चढत गेलं तर डोस वाढवत बसू नका, बलून सेप्टोस्टॉमी लागते. ती इकोखाली एनआयसीयूतही होते. खारघरच्या टीमला आत्ताच फोन करून बलून तयार ठेवायला सांगा.

आर्टेरियल स्विच (धमन्या अदलाबदल करून नीट जोडण्याचं ऑपरेशन) शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. व्हीएसडी नसल्याने फुफ्फुसातला दाब उतरला की डाव्या जवनिकेला जोर लावावा लागत नाही आणि ती कमकुवत होत जाते.

घोडबंदर_एनआयसीयू
ड्रिप ०.९ वर लावली, सॅच्युरेशन ७४. आई सिझेरियनची आहे, सोबत येऊ शकणार नाही.

ट्रान्सपोर्ट_सिस्टर
मग तिच्या रक्ताचा नमुना बाळासोबत पाठवा, क्रॉसमॅचला मागतील. नळीवर नाव आणि वेळ लिहा.