केळापूर–वणी भागात राहून काम हवं असेल तर बारावीनंतर काय शिकावं?

पांढरकवड्याची ताई

नमस्कार. घरात दोघांचा प्रश्न एकदमच आला आहे. धाकटी बहीण बारावी सायन्स झाली, पीसीबी, ५८ टक्के. नीटचा नाद सोडला आहे. भाऊ बारावी कॉमर्स. पुण्या-मुंबईत ठेवायची ऐपत नाही, आणि घरी शेती असल्यामुळे दोघांपैकी एकाने तरी पांढरकवडा, वणी, फार तर यवतमाळ-चंद्रपूरपर्यंतच राहावं असं घरच्यांचं म्हणणं आहे. बहिणीपुढे साधी बीएस्सी, डी.फार्म. (औषधनिर्माणाचा डिप्लोमा) आणि खाजगी कॉलेजातली बीएस्सी ॲग्री (फी झेपणं कठीण) असे तीन रस्ते आहेत. भावाला अर्धे लोक बीकॉम कर म्हणतात, अर्धे आयटीआय इलेक्ट्रिशियन.

"शिकत राहा, होईल काहीतरी" हे ऐकून कान किटले. इथल्या बाजारात, जिनिंगमध्ये (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत), खाणींच्या पट्ट्यात कोणत्या कागदावर खरंच काम मिळतं ते जाणकारांनी सांगावं.

निंबोळी

ताई, तालुक्याच्या गावात पदवीचं नाव कोणी विचारत नाही. त्या कागदावर लायसन निघतं का, किंवा कायद्याने कुठे तुमचीच सही लागते का, एवढंच पाहिलं जातं. या कसोटीवर साधी बीएस्सी लोक समजतात तितकी वाया जाणारी नाही, फक्त विषय नीट निवडायला हवेत.

कृषी केंद्राचं घ्या. बियाणं, खत आणि कीटकनाशक यांची लायसनं वेगवेगळी असतात. कीटकनाशकाच्या लायसनला शिक्षणाची अट आहे: कृषी पदवी चालते, तशीच केमिस्ट्री, बॉटनी किंवा झूऑलॉजी घेऊन केलेली बीएस्सीही चालते. खताला मात्र कृषीचं शिक्षण किंवा केमिस्ट्रीची पदवी बघतात, नुसत्या बॉटनी-झूऑलॉजीवर भागत नाही. म्हणजे बहिणीने केमिस्ट्री ठेवली तर ॲग्रीची फी न भरता दोन्ही दारं उघडी राहतात. ज्यांचं दुकान आधीपासून आहे पण पदवी नाही, त्यांच्यासाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा 'देसी' नावाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, आठवड्यातून एक दिवस वर्ग. आता या अटीमुळे जुने दुकानदारही शिकलेला माणूस शोधतात.

दुकानात अडतं कुठे, तेही सांगतो. अनुदानाचं खत ई-पॉस मशीनवर (विक्री नोंदवणारं यंत्र), शेतकऱ्याच्या आधारवर अंगठा घेऊन विकावं लागतं. जूनच्या गर्दीत पोती आधी उचलून देतात आणि अंगठे मागून घेऊ म्हणतात. मग मशीनवरचा साठा आणि गोदामातला साठा जुळत नाही, आणि तपासणीत पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं. मुदत संपलेली औषधं चांगल्या मालात राहणं हा दुसरा दोष. ती वेगळ्या जागी, 'विक्रीसाठी नाही' अशी पाटी लावून ठेवायची. साठा आणि भावाचा फलक रोज लिहायचा. बिलावर बॅच नंबर आलाच पाहिजे, कारण फवारणीनंतर पीक जळालं तर पुढचा सगळा वाद त्या बॅच नंबरवरच चालतो. ही नोंद चोख ठेवणारी मुलगी कोणत्याही कृषी केंद्राला हवीच असते. स्वतःचं दुकान टाकायचं म्हटलं तर मोठी अडचण उधारीची: माल मे ते ऑगस्टमध्ये जातो, पैसा कापूस विकल्यावर येतो. तेवढा काळ भांडवल धरून ठेवता येत नसेल तर आधी नोकरीच बरी.

पदवी दुसऱ्याच्या दुकानाला भाड्याने देऊ नका, हे हात जोडून सांगतो. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर गेले. विकलेल्या औषधाची जबाबदारी लायसनवर नाव असलेल्या माणसावरच येते.

सरकी-ढेप

भावासाठी लिहितो. बीकॉम करावं, पण नुसत्या बीकॉमवर जिनिंगमध्ये कोणी बसवत नाही आणि नुसत्या टॅलीवरही नाही. कापसाचा हिशोब यावा लागतो, आणि तो कॉलेजात शिकवत नाहीत.

दोनच गोष्टी सांगतो. पहिली जीएसटीची. नोंदणीकृत व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून थेट कापूस घेतला की ५ टक्के कर रिव्हर्स चार्जने घेणाऱ्याने भरायचा असतो, नोव्हेंबर २०१७ पासून. हा कर रोख खात्यातूनच भरावा लागतो. जमा असलेलं क्रेडिट (आधीच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) त्याला वळतं करता येत नाही. भरल्यावर मग त्याचं क्रेडिट मिळतं. नवखा पोरगा नेमका इथे घसरतो: क्रेडिट पडलेलं दिसतं, म्हणून तेच वळतं करायला जातो. शिवाय या खरेदीचं बिल शेतकरी देत नाही, ते घेणाऱ्यानेच स्वतःच्या नावे बनवायचं. जीएसटीच्या मासिक ३बी रिटर्नमध्ये ३.१(डी) च्या रकान्यात ही रक्कम दाखवतात. तोच कापूस नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतला तर कर त्याच्या बिलात लागून येतो. म्हणून काटापट्टीवर (वजनाच्या चिठ्ठीवर) माल कोणाचा, हे पहिल्याच दिवशी नीट लिहिलेलं हवं.

दुसरी घटीची. १०० क्विंटल कापूस आला आणि उतारा ३४ टक्के धरला तर ३४ क्विंटल रुई, म्हणजे १७० किलोच्या बरोबर २० गाठी. सरकी साधारण ६४-६५ क्विंटल, बाकी घट. गाठी १९ च भरल्या तर मालक हिशोबनीसाला विचारणार. ओलावा जास्त होता? काट्यात फरक आहे? की सरकीबरोबर रुई जात आहे? सीसीआय (कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ) ८ टक्के ओलावा प्रमाण धरते, त्यावर १२ पर्यंत भावात कपात करते, १२ च्या वर माल घेत नाही. खाजगी खरेदीत मात्र ओला माल आत येतो आणि महिन्याभरात गंजीवरच वजन घटतं. आवकेच्या रजिस्टरात रोजच्या ढिगाचा ओलावा लिहिणारा माणूस असला की ही भांडणं होत नाहीत.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. बाकीच्या दिवसांत बाजारातल्या चार दुकानांच्या वह्या धरायच्या: दर महिन्याच्या ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), २० ला ३बी, वर्षातून एकदा आयकराचं रिटर्न. कर सल्लागाराकडे दोन हंगाम काढले की पोरगा तयार होतो.

तीन फेज

सरकी-ढेप भाऊंचं पटतं, पण इलेक्ट्रिशियन असा बाजूला टाकू नका. त्याच जिनिंगमध्ये वहीवाला एक लागतो, पण यंत्र चालवणारे-सांभाळणारे जास्त लागतात. रुईचा बारीक कचरा स्टार्टरच्या पेटीत साचतो, कॉन्टॅक्टर नीट बसत नाही, एक फेज तुटते आणि मोटार दोन फेजवर ओढत राहून वाइंडिंग जळतं. त्यातून ठिणगी पडली तर रुई पेटायला वेळ लागत नाही. पेटी रोज फुंकून साफ करणं आणि ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरला लावून ठेवणं एवढं ज्याला कळतं, त्याला हंगामात सोडत नाहीत. फिटरचंही तसंच: जिनिंग यंत्राचा रोलर गुळगुळीत झाला की रुई निघण्याचा वेग मंदावतो, खाचा पुन्हा पाडाव्या लागतात.

सौर कृषीपंपांचं काम आता गावोगाव आहे. बसवणाऱ्या कंपनीवर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते, म्हणून तिला तालुक्यातच माणूस लागतो. ३ एचपीच्या पंपाला साधारण ३००० वॅटचे पॅनल. तक्रारी बहुतेक त्याच त्या: जोडणीचे कनेक्टर ढिले, अर्थिंग कोरडं, विहिरीचं पाणी खाली गेल्याने कंट्रोलर बंद.

आयटीआय दोन वर्षांचं, पण तिथे थांबू नका. वर्षभराची अप्रेंटिसशिप करून राष्ट्रीय प्रमाणपत्र घ्या आणि वायरमनचा परवाना काढा. नव्या वीजजोडणीचा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक ठेकेदाराच्या सहीशिवाय चालत नाही. वर निंबोळी म्हणतात तीच सहीची गोष्ट.

पांढरकवड्याची ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला हे वाचून दाखवलं, तो बीकॉम आणि सोबत कर सल्लागाराकडे बसायला तयार आहे. बहिणीचं डी.फार्म.बद्दल कोणी बोललं नाही. आणि बीएस्सी केमिस्ट्रीला कृषी केंद्राशिवाय दुसरं काही आहे का? तलाठी भरतीचं सगळेच सांगतात, तेही विचारते.

निंबोळी

तलाठ्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते, म्हणून तिथे साऱ्या राज्याची गर्दी. परीक्षा द्या, पण त्यासाठी शाखा निवडू नका. भूमी अभिलेखच्या भूकरमापकाला सिव्हिल डिप्लोमा किंवा आयटीआय सर्व्हेअर लागतं, तिथे अर्ज करणारेच कमी. अट जितकी नेमकी, तितकी रांग लहान.

घुग्घुस लॅब

ताई, केमिस्ट्रीला आपल्या भागात दुसरं दार आहे ते कोळसा आणि सिमेंटचं. वणी, घुग्घुस, गडचांदूर पट्ट्यात लॅबमध्ये शिफ्टवर केमिस्ट आणि सॅम्पलर लागतात. कोळशात ओलावा, राख आणि उष्मांक बघतात, नमुना २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका बारीक करून. सिमेंटमध्ये फ्री लाइम (मोकळा चुना), जळून जाणारा भाग आणि बारीकपणा. मुलाखतीत पुस्तकी प्रश्नांपेक्षा टायट्रेशन करायला लावतात: ईडीटीएने कॅल्शियम काढ, ब्युरेटचं रीडिंग सांग. कॉलेजात प्रॅक्टिकलला दुसऱ्याच्या वहीतून आकडे उतरवणारी मुलं तिथेच गळतात. मात्र रात्रपाळी असते आणि सुरुवात बहुतेक ठेकेदाराकडूनच होते, हे घरी आधी बोलून घ्या.

डी.फार्म. तिच्यासाठी वाईट नाही. दोन वर्षं आणि ५०० तासांचं प्रशिक्षण. आता रजिस्ट्रेशनआधी एक्झिट परीक्षेचा नियमही आहे, तेव्हा कॉलेज आणि प्रशिक्षणाची जागा दोन्ही मान्यताप्राप्त आहेत का ते प्रवेशाआधी बघा. किरकोळ मेडिकलला किमान १० चौरस मीटर जागा, फ्रिज आणि दुकानात हजर नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. एच१ यादीतल्या (डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या) औषधांचं वेगळं रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. पांढरकवड्यात मेडिकल भरपूर आहेत, त्यामुळे नवं दुकान टाकायचं तर दवाखाना असलेलं पण मेडिकल नसलेलं मोठं गाव शोधावं.

बीएस्सीच ठरली तर एक करा. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) निवडावे लागतात. केमिस्ट्री मेजर ठेवा आणि ती तिसऱ्या वर्षापर्यंत त्या कॉलेजात खरंच शिकवतात का, लॅबमध्ये ब्युरेट आणि तराजू चालू आहेत का, हे बहिणीला सोबत नेऊन प्रवेशाच्या आधी बघून या.