'वॉवॉवी'च्या दारात ७१ बळी: जबाबदार कोण?

गवाक्ष: ४ फेब्रुवारी २००६. फिलिपिन्सची राजधानी मनिलाजवळच्या पासिग शहरातल्या फिलस्पोर्ट्स अरीनाच्या दारात ७१ माणसं चेंगरून मेली, त्यांत म्हाताऱ्या बायका जास्त. एबीएस-सीबीएन वाहिनीच्या 'वॉवॉवी' या गेम शोचा पहिला वाढदिवस होता. सुमारे ३० हजार लोक जमले होते आणि कित्येकांनी आदल्या दिवसांपासून फुटपाथवर मुक्काम ठोकला होता. बक्षिसांत १० लाख पेसो (तिथलं चलन), जीपनी, ट्रायसिकल, घर. जीपनी म्हणजे तिथलं वडाप, ट्रायसिकल म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा. गरिबाच्या पोटापाण्याचं साधनच बक्षीस म्हणून ठेवायचं आणि 'आधी येईल तो आत' म्हणायचं, तर गर्दी होणारच. दोष वाहिनीचा आहे, आणि तो दार उघडण्याच्या कितीतरी आधी घडलेला आहे.

उतार_चढ: दोष वाहिनीचाच, पण कारण तुम्ही म्हणता ते नाही. बक्षीस कोणाला मारत नाही, दाटी मारते. एका चौरस मीटरला चार माणसांपर्यंत हालता येतं. सहा-सातवर गेलं की पाय आपले राहत नाहीत, गर्दी लाटेसारखी सरकते आणि छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. बहुतेक जण तुडवून नव्हे, असे गुदमरून जातात. त्यात पासिगला दाराशी उतार होता. पुढचा पडला की मागचा थांबूच शकत नाही, कारण मागच्यांना पुढचं दिसत नाही. मोकळ्या सपाट वाटेवरून मीटरभर रुंदीतून मिनिटाला फार तर ८० माणसं जातात. तीन मीटरच्या दारातून ३० हजार जायचे तर दोन तास हवेत, तेही तिकीट न तपासता. हा हिशेब आदल्या रात्री कागदावर मांडता आला असता. मांढरदेवीला २००५ च्या जानेवारीत अडीचशेहून अधिक भाविक चेंगराचेंगरीत मेले, तिथे कुठलं बक्षीस होतं? अरुंद चढण आणि निसरड्या पायऱ्या होत्या.

गवाक्ष: मांढरदेवीला मागे राहिलेल्यालाही दर्शन मिळतं. इथे मागे राहिला त्याला काहीच नाही. धक्का तिथून येतो.

उतार_चढ: हे मान्य. म्हणूनच दारावर तिकीट वाटायचं नसतं.

सावित्रीचा_वाडा: दोघंही लोकांना मेंढरं समजताय. ज्या बाईला दिवसभर राबून घर चालत नाही, तिने तीन दिवस रांगेत काढले तो तिचा विचारपूर्वक हिशेब होता. खेळ बंद केला तर तिच्या हातात काय येणार? जबाबदार सरकार आहे, ज्याच्या राज्यात घर मिळवायचा तिला दिसलेला मार्ग सोडत हाच उरला. शिवाय एवढा जमाव दिवसाढवळ्या रस्त्यावर साठत असताना नगरपालिका आणि पोलीस काय करत होते?

गवाक्ष: पोलिसांचा मुद्दा बरोबर. पण गृहखात्याच्या चौकशी समितीने आयोजकांच्या नियोजनावरच बोट ठेवलं होतं. तरी मार्चमध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू! आणि हिशेब विचारपूर्वक होता म्हणता, तर २०११ बघा. 'वॉवॉवी'चाच सूत्रसंचालक, कार्यक्रम दुसरा, वाहिनी टीव्ही५. सहा वर्षांचं पोर रडत रडत प्रौढांच्या बारमधला नाच करतंय, प्रेक्षक हसताहेत आणि त्याबद्दल १० हजार पेसो. हिशेब त्या पोराने केला होता? नियामक मंडळाने त्या कार्यक्रमावर महिनाभर बंदी घातली. जाहिरातदार मात्र त्याआधीच काढता पाय घेऊ लागले होते. नस कुठे आहे ते त्यावरून कळतं.

सावित्रीचा_वाडा: मुलाच्या बाबतीत वाद नाही, ते चूकच. पण प्रौढाने स्वतःचं दुःख कॅमेऱ्यापुढे सांगून पैसे घेतले, तर त्याला लाचार ठरवणारे आपण कोण?

उतार_चढ: परवान्याच्या अटी तरी ठरवा. नावनोंदणी आधी आणि सोडत आधी. निवडलेल्यांना वेळ छापलेला पास, बाकीच्यांना 'येऊ नका' असा निरोप. दारापासून लांब, सपाट जागेवर नागमोडी अडथळे, म्हणजे मागचा दाब पुढे पोचत नाही. उंचावर एक माणूस, ज्याला दार बंद करायचा नव्हे, मागची रांग थांबवायचा अधिकार. दार अचानक बंद केलं की दाब पुढच्यांच्याच अंगावर येतो.

सावित्रीचा_वाडा: सोडत आधी, याला माझा पूर्ण पाठिंबा. आणि न निवडलेल्यांना परतीचं गाडीभाडं वाहिनीने द्यावं, हीही अट घाला.