मदत हवी आहे: साइड स्टँड जाम झालंय, निम्म्यात अडकतं (सोलापूर; बोलणाऱ्यांच्या नावाऐवजी त्यांचा भाग)

विजापूर रोड: १०० सीसीची जुनी गाडी आहे. साइड स्टँड खाली घेताना निम्म्यात थांबतं. पायानं जोर दिला की पूर्ण येतं, पण वर जाताना पुन्हा तिथंच अडकतं. स्प्रिंग शाबूत आहे, डबल स्टँडही नीट चालतंय. स्प्रे मारला की तेवढ्यापुरतं हलतं, मग परत तेच. गाडी रोज मोहोळकडच्या रानात जाते. घरात पाना सेट, हातोडी, पक्कड आणि तारेचा ब्रश आहे. एवढ्यावर काम होईल का, की स्टँडच बदलावं लागेल?

होटगी रोड: घरी होतं. आधी एक गोष्ट: दुरुस्त होईपर्यंत स्टँड वर करून जुन्या ट्यूबच्या पट्टीनं फुटरेस्टच्या पाइपला घट्ट बांधा. अर्धवट लोंबणारं स्टँड डावीकडं वळताना रस्त्याला टेकलं की मागचं चाक उचललं जातं आणि गाडी थेट पडते.

आता कारण. स्टँड जाम होण्याची कारणं तीन: सांध्यात माती आणि गंज, गरजेपेक्षा जास्त आवळलेला बोल्ट किंवा वाकलेलं स्टँड. तुमच्याकडची काळी माती ओली असताना स्टँडच्या दोन पाकळ्या (बोल्टभोवतीच्या दोन पट्ट्या) आणि फ्रेमचा कान (फ्रेमला वेल्ड केलेली भोकाची पट्टी) यांच्यात शिरते आणि वाळली की दगड होते. वॉशिंगवाल्याच्या प्रेशरच्या पाण्यानं होतं नव्हतं ते ग्रीस निघून जातं. त्यावर पातळ स्प्रे मारला की तो माती तेवढ्यापुरती ओली करतो. आपल्या ४० च्या वरच्या उन्हाळ्यात तो उडूनही जातो आणि मागं धुळीचा चिखल उरतो. म्हणून स्प्रे फक्त बोल्ट सोडवायला वापरायचा. स्टँड चालतं राहायचं ते ग्रीसवर, आणि बोल्ट काढल्याशिवाय ग्रीस आत जात नाही.

यातलं कारण कोणतं हे स्प्रिंग काढल्याशिवाय कळत नाही. स्प्रिंग काढून स्टँड हातानं फिरवा. सगळीकडं सारखंच जड लागलं तर माती-गंज किंवा आवळलेला बोल्ट. एकाच जागी अडकून पुढं मोकळं झालं तर पाकळी वाकलेली आहे. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराकडं झुकतंय, तरी स्प्रिंग काढून खात्री करून घ्या. साइड स्टँडवर उभ्या गाडीवर पोती लादली किंवा बसून किक मारली की पाकळी अशीच वाकते.

अशोक चौक: स्प्रिंग पक्कडीनं ओढू नका. निसटली तर डोळ्यावर येते, गॉगल घालाच. गाडी सपाट फरशीवर डबल स्टँडला लावा आणि पुढचा ब्रेक ट्यूबच्या पट्टीनं दाबून बांधा. स्टँड निम्म्यात असतं तेव्हा स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते आणि तिच्या वेटोळ्यांत फटी पडतात. तुमचं स्टँड नेमकं तिथंच अडकतंय, त्याचा इथं फायदा घ्या. प्रत्येक फटीत एक पातळ वॉशर सरकवा, सगळ्या फटी एकाच बाजूनं भरू नका, नाहीतर स्प्रिंग वाकते. मग स्टँड पायानं वर ढकला. वॉशरमुळं स्प्रिंग आखडत नाही, सैल पडते आणि हातानं निघते. बसवतानाही हेच उलट: वॉशरसकट अडकवायची, स्टँड निम्म्यात आणायचं आणि वॉशर काढून घ्यायचे. हुकाचं तोंड कुठल्या बाजूला आहे त्याचा मोबाइलवर आधीच फोटो घ्या.

विजापूर रोड: स्प्रिंग निघाली. सगळीकडं सारखंच जड लागतंय, एका जागी अडकत नाही. मागचा नट १४च्या पान्यानं सुटला, पण बोल्ट जागचा हलत नाही.

होटगी रोड: मग माती-गंज किंवा आवळलेला बोल्ट, स्टँड बदलायची गरज नाही. बऱ्याच गाड्यांत बोल्ट फ्रेमच्या कानातल्याच आट्यांत बसतो आणि मागचा नट फक्त लॉकनट (बोल्ट ढिला पडू नये म्हणून लावलेला नट) असतो. नट निघाला म्हणजे बोल्ट सुटला असं नाही.

तारेच्या ब्रशनं डोकं आणि मागचं टोक घासा. दोन्हीकडून गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या. डिझेलही चालतं, फक्त मागच्या टायरवर आणि ब्रेक ड्रमवर थेंब जाऊ देऊ नका, खाली चिंध्या पसरा. सकाळी बोल्टच्या डोक्यावर अर्ध्या किलोच्या हातोडीनं सरळ, मध्यम ताकदीचे दहा-बारा ठोके द्या. त्या हादऱ्यानं गंजाचा थर तडकतो आणि तेल आत उतरतं. स्टँडला आडवे घाव मात्र घालू नका, फ्रेमच्या कानाचं वेल्डिंग तडकतं आणि ते काम स्टँडपेक्षा फार महागात पडतं.

नंतर रिंग पाना किंवा सहा कोनी सॉकेट लावा. अॅडजस्टेबल पाना डोकं गोल करतो. आधी बोल्ट किंचित आवळायच्या दिशेनं दाबा. ‘टक्’ असा आवाज आला की सुटला समजा. मग पाव फेरा सोडायचा, थोडा आवळायचा, पुन्हा तेल, पुन्हा सोडायचा. एका दमात ओढला तर गंजाचे कण आट्यांत अडकून आटे खरवडले जातात. एवढं करूनही हलला नाही तर थांबा आणि गॅरेजमध्ये न्या. तेल-डिझेल मारलेल्या जागी, वर पेट्रोलची टाकी असताना, बोल्ट तापवून सोडवायला घरी ज्योत लावायची नाही.

जुळे सोलापूर: बोल्ट निघाला की त्याच्या गुळगुळीत भागावरून नख फिरवा. खाच लागली तर बदला. बदलताना हार्डवेअरच्या दुकानातला पूर्ण आट्यांचा बोल्ट घेऊ नका. स्टँडच्या बोल्टला आट्यांच्या आधी गुळगुळीत खांदा असतो, त्या खांद्यावर स्टँड फिरतं. साध्या बोल्टचे आटे भोक कानशीसारखे खातात. शिवाय खांदा नसल्यानं बोल्ट आवळला की पाकळ्या कानावर दाबल्या जातात आणि स्टँड पुन्हा जाम. स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून ‘साइड स्टँड बोल्ट’ मागा, जुना सोबत न्या.

भोक आणि पाकळ्यांच्या आतल्या बाजू २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, डिझेलनं धुवा, कोरड्या करा. एमपी-३ (बहुउपयोगी) ग्रीस भोकात, बोल्टच्या खांद्यावर, पाकळ्यांच्या आत आणि स्प्रिंगच्या दोन्ही हुकांना लावा. लॉकनटच्या आट्यांना लावू नका.

होटगी रोड: आवळण्यात चूक होते ती इथं. खांदा टेकेपर्यंत बोल्ट आवळायचा आणि स्टँड हलवून पाहायचं. जड लागलं तर बोल्ट थोडासा, आठव्या हिश्श्याचा फेरा, मागं घ्या. मग बोल्टचं डोकं एका पान्यानं धरून ठेवून मागचा नट आवळा. डोकं न धरता नट फिरवला की बोल्टही सोबत फिरतो आणि केलेलं सेटिंग जातं. स्प्रिंग लावायच्या आधी स्टँड वर उचलून सोडा: ते स्वतःच्या वजनानं खाली पडलं पाहिजे आणि आडवं डुगडुगता कामा नये. पडत नसेल तर स्प्रिंग लावू नका, बोल्ट पुन्हा सोडा.

सात रस्ता: माझ्या गाडीला साइड स्टँडचा सेन्सर आहे, हीच पद्धत चालेल का? आणि डबल स्टँड जड झालं तर?

जुळे सोलापूर: सेन्सर असेल तर तो स्क्रू काढून आधी बाजूला करा, त्यावर स्प्रे, डिझेल, ग्रीस काही लागू देऊ नका. बसवताना त्याची खूण जागेवर बसली का पाहा. चुकली तर स्टँड वर असूनही गिअर टाकताच इंजिन बंद पडतं.

डबल स्टँड बहुतेक लांब शाफ्टवर असतं, टोकाला वॉशर आणि स्प्लिट पिन (भोकात घालून टोकं वाकवायची दोन पायांची पिन). काही गाड्यांत मागच्या ब्रेकचं पेडलही त्याच शाफ्टवर असतं. तसं असेल तर जोडणी झाल्यावर ब्रेक दाबून सोडा, पेडल झटकन वर यायला हवं आणि मागचं चाक मोकळं फिरायला हवं. गाडी फ्रेमखाली लाकडी ठोकळे देऊन टेकवा, सायलेन्सरवर भार देऊ नका. जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत वापरू नका, वाकवलेल्या जागी ती तुटते. फ्रेममधलं भोकच लांबट झालं असेल तर ग्रीस टिकत नाही, लेथवाल्याकडून बुश (भोकात बसणारी धातूची नळी) बसवून घ्या.

विजापूर रोड: बोल्ट निघाला. खांद्यावर नखाला खाच लागतेय, म्हणजे नवाच घेतो. ग्रीस परत कधी भरायचं?

होटगी रोड: पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीच्या सुमारास एकदा. रानातून आल्यावर सांध्यातली माती ओली असतानाच काडीनं काढा आणि वॉशिंगवाल्याला सांगा, प्रेशरचा पाइप स्टँडच्या बोल्टवर धरू नको.