संशोधन, शोध, अन्वेषण: कुठे कोणता शब्द?

नौपाडा, ठाणे

माझी भाची चेंदणी बंदर रस्त्यावरच्या विधी महाविद्यालयात शिकते. त्याच आवारात बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आहे आणि जोशी-बेडेकर कला-वाणिज्य महाविद्यालयही. त्यामुळे तिची मैत्री तिन्हीकडे. सध्या तिघांनी मिळून ठाणे खाडीवर काम हाती घेतलं आहे. विज्ञानाची मैत्रीण कांदळवनातली झाडं आणि गाळ पाहते. इतिहासाचा मित्र शिलाहार राजांच्या काळातलं श्रीस्थानक, म्हणजे जुनं ठाणं, धुंडाळतो. भाचीकडे उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे. कांदळवनं तोडणं म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, असं त्यात म्हटलं आहे.

काम छान चाललंय, पण फलकाच्या मथळ्यावर अडलं. मैत्रिणीने ‘ठाणे खाडी: एक संशोधन’ असं लिहिलं. भाची म्हणाली, आमच्या वर्गातली हिंदी भाषक मुलं याचा अर्थ ‘दुरुस्ती’ असा घेतील, कारण त्यांच्याकडे ‘संविधान संशोधन’ म्हणजे घटनादुरुस्ती. मग ‘अन्वेषण’ सुचलं, ‘अनुसंधान’ सुचलं, आणि शेवटी फोन मला आला. मी वाचक आहे, भाषेची पदवी माझ्याकडे नाही. मला ‘संशोधन’च बरोबर वाटतं, पण का, ते नीट सांगता येईना. जाणकारांनी मदत करावी.

वाशी

ताई, मी वकील आहे, म्हणून आधी ‘अन्वेषण’ बाजूला काढतो. शब्द सुंदर आहे, अनु अधिक एषण, मागोवा घेत जाणं. विद्यापीठांच्या जगात तो चालतोही. भारतीय विद्यापीठ संघाच्या विद्यार्थी संशोधन संमेलनाचं नाव ‘अन्वेषण’ आहे. पण मराठी कायद्याच्या भाषेत त्याची जागा ठरलेली आहे. राज्य गुन्हे अन्वेषण विभाग, केंद्रीय अन्वेषण विभाग ही नावं आपण रोज वाचतो. पुरावा गोळा करण्यासाठी पोलीस जे करतात ते अन्वेषण. दंडाधिकारी किंवा न्यायालय खटल्याआधी जे करतं ती चौकशी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत या दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या होत्या, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही त्या वेगळ्याच आहेत. विधीच्या विद्यार्थिनीने आपल्या अभ्यासाला अन्वेषण म्हटलं, तर परीक्षक पहिला प्रश्न विचारेल, गुन्हा कोणता?

बोलताना पोलीसही ‘तपास’च म्हणतात. ‘तपास कुठवर आला?’ असं विचारतात. ‘अन्वेषण कुठवर आलं?’ असं कोणी विचारत नाही.

कळवा

मी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो. हा शब्दच तुमचं उत्तर आहे असं मला वाटतं. मुद्रितशोधन म्हणजे छापलेल्या मजकुरातल्या चुका शोधणं, आणि शोधून त्या काढून टाकणं. ‘शोध’ची दोन्ही कामं इथे एकत्र दिसतात. मूळ संस्कृत धातू ‘शुध्’, शुद्ध होणं. त्यावरून शोधन म्हणजे शुद्ध करणं. ‘सम्’ लागून संशोधन, चांगलं, पुरतं शुद्ध करणं. आयुर्वेदात शोधन चिकित्सा आहेच.

हिंदीने त्यातला ‘दोष काढणं’ हा अर्थ धरला, म्हणून तिथे कायद्याचं संशोधन होतं. मराठीने ‘दोष काढत काढत खऱ्यापर्यंत पोचणं’ हा अर्थ धरला. म्हणजे ही परक्या शब्दाची गल्लत म्हणता येणार नाही. एकाच घरातली दोन भावंडं वेगवेगळ्या गावी गेली, इतकंच. आपल्याकडे कायद्यासाठी सुधारणा आणि दुरुस्ती हे दोन शब्द पक्के आहेत: बेचाळिसावी घटनादुरुस्ती, सुधारणा विधेयक. मग संशोधन मोकळं राहतं.

अलीकडे मराठी बातम्यांत ‘संशोधन विधेयक’ असं सर्रास येतं, ते वाचून मला खरोखर वाईट वाटतं. हिंदी मजकूर तसाच उचलल्याने एक नेमका शब्द बोथट होत चालला आहे.

ऐरोली

मी विज्ञान शिकवते. कळव्याच्या काकांचं म्हणणं मनापासून पटलं, पण आमच्या वर्गात खरी अडचण ‘शोध’ या शब्दाची आहे.

निसर्गात असलेली गोष्ट सापडली तरी शोध, आणि नसलेली गोष्ट नव्याने बनवली तरी शोध. ऑक्सिजनचा शोध आणि टेलिफोनचा शोध यांत मुलांना फरक करता येत नाही. हिंदीत त्यासाठी खोज आणि आविष्कार अशी जोडी आहे. मराठीत आविष्कार म्हणजे प्रकट होणं, कलाविष्कार. (महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेलाही २००६ पासून ‘आविष्कार’ हेच नाव आहे, त्यामुळे मुलांचा गोंधळ वाढतो.)

मराठीने हे काम क्रियापदावर सोपवलेलं आहे, असं मी वर्गात सांगते. शोध घेणं म्हणजे धडपड. शोध लागणं म्हणजे ती फळाला येणं. शोध लावणं म्हणजे त्या फळाचं श्रेय कोणा माणसाला देणं. ‘किरणोत्साराचा शोध लागला’ आणि ‘वाफेच्या इंजिनाचा शोध लावला’ अशी विभागणी कानाला बरी वाटते, पण ती काटेकोर नाही. रामन यांनी १९२८ मध्ये प्रकाशाच्या विकिरणाबद्दल शोध ‘लावला’ असंच आपण म्हणतो, आणि तो परिणाम तर निसर्गात होताच.

वकिलांना विचारते: पेटंटच्या कायद्यात तुम्ही हे कसं निभावता?

वाशी

मॅडम, प्रश्न बरोबर जागी आहे. १९७० च्या पेटंट अधिनियमाचं कलम ३ याच फरकावर उभं आहे. वैज्ञानिक तत्त्व नुसतं सापडलं, किंवा निसर्गात असलेला पदार्थ नुसता सापडला, तर त्यावर पेटंट मिळत नाही. ते अधिनियमाच्या व्याख्येत बसणारं नवं घडवणं नाही. आता हे वाक्य मराठीत दोन्हीकडे ‘शोध’ घालून लिहून पाहा: ‘नुसता शोध हा शोध नव्हे.’ अर्थच उरत नाही. म्हणून मी अशिलाला समजावताना ‘सापडलेलं’ आणि ‘घडवलेलं’ असे साधे शब्द वापरतो. ते लगेच समजतात. परिभाषेत ते का येऊ नयेत, मला कळत नाही.

नेरूळ

मी इतिहासाचा विद्यार्थी. मुख्य शब्दाबद्दल: आपल्या जुन्या संस्थांनी हा निर्णय कधीच केला आहे. १९१० साली इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी पुण्यात काढलं ते भारत इतिहास ‘संशोधक’ मंडळ. १९१७ चं भांडारकर प्राच्यविद्या ‘संशोधन’ मंदिर. मुंबईचं मराठी ‘संशोधन’ मंडळ १९४८ चं. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली, तिचं काम १९१९ ते १९६६ चाललं. शेकडो पोथ्या समोर ठेवून, पाठ ताडून, मागाहून घुसलेलं बाजूला काढायचं. काकांनी सांगितलेला ‘शुद्ध करणं’ हा अर्थ आणि आजचा अर्थ तिथे एकच होऊन जातात. मानव्यविद्यांमध्ये हा शब्द रुजला तो पोथ्यांच्या आणि कागदपत्रांच्या अशा कामातून, असं मला वाटतं.

तिघांना मात्र मथळ्यापेक्षा दुसऱ्या एका शब्दाने त्रास होईल: पुरावा. ठाण्याच्याच वस्तूचं उदाहरण घ्या. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात (आजचं कारागृह) खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट मिळाला, शके ९३९ चा, म्हणजे १०१७ सालचा. तो कोरला गेला तेव्हा ते दानपत्र होतं, जमिनीच्या हक्काचा कायदेशीर कागदच म्हणा. अशा पत्र्याला ‘ताम्रशासन’ म्हणत, शासन म्हणजे राजाज्ञा. आज कायद्याच्या दृष्टीने त्याने कोणाचा हक्क सिद्ध होत नाही. धातूचा अभ्यासक त्यात तांब्याची जात आणि ओतण्याची रीत पाहील. माझ्यासाठी ते ‘साधन’ आहे. राजवाड्यांनी खंडांना नाव दिलं ते ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’, पुरावे नव्हे. पुरावा काहीतरी सिद्ध करायला बोलावला जातो. साधन आधी नुसतं वाचायचं असतं, आणि त्यातून काय निघेल हे आधी ठरलेलं नसतं.

नौपाडा, ठाणे

नेरूळच्या उत्तराने माझ्यापेक्षा भाचीच जास्त खूश झाली. तिघं कालपासून ‘पुरावा’वर भांडत होती, असं तिने आत्ता सांगितलं. मैत्रीण म्हणे, गाळाचा थर हा पुरावा. भाची म्हणे, साक्षीदाराशिवाय थर काय बोलणार? आता त्यांनी ठरवलंय: गाळाची ‘निरीक्षणं’, ताम्रपट हे ‘साधन’, आणि ‘पुरावा’ हा शब्द निकालाबद्दल लिहिताना, न्यायालयापुढे जे आलं त्याच्यापुरताच. मैत्रीण अजून पूर्ण राजी नाही. तिचं म्हणणं, विज्ञानातही एखादं अनुमान तपासायला ठेवलं की निरीक्षण पुराव्याचं काम करतं. मलाही ते पटतं. तेवढ्यापुरतं ‘अमुक अनुमानाचा पुरावा’ असं पूर्ण लिहावं, एकटं ‘पुरावा’ लिहू नये, असं मी सुचवलं.

कळवा

उत्तम. एकच पुस्ती. जोडशब्दांत मराठीने शोध आणि संशोधन दोन्ही वाटून घेतले आहेत, ती वाटणी मोडू नये. शोधनिबंध, शोधप्रबंध, पण संशोधनपद्धती, संशोधन मार्गदर्शक, संशोधन केंद्र. लिहून हातात येतं ते शोधाने सुरू होतं आणि काम चालतं ते संशोधनाने, असं माझं निरीक्षण आहे. ‘शोधार्थी’ मात्र नको, आपल्याकडे ‘संशोधक विद्यार्थी’ आहे. आणि ‘शोध करणे’ तर मुळीच नको. मराठीत शोध घेतात, लावतात, नाहीतर तो लागतो.

ऐरोली

‘अनुसंधान’ राहिलं. मराठीत ‘देवाशी अनुसंधान’, ‘त्या पत्राच्या अनुसंधानाने’ अशी त्याची वस्ती आहे. सतत धरून ठेवणं हा त्यातला भाव. खाडीच्या मथळ्यावर तो शोभणार नाही.

नौपाडा, ठाणे

मथळा ठरला: ‘ठाणे खाडी: तीन विद्याशाखांचं एक संशोधन’. यावरही नवा प्रश्न आलाच. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाप्रमाणे विद्याशाखा चार, आणि विधी हा विषय मानव्यविद्येतच येतो. म्हणजे विद्याशाखा तीन नाहीत, दोनच! उलट ‘आविष्कार’ स्पर्धेत विधी वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या गटात आहे. भाचीने ‘विद्याशाखा’ खोडून ‘विषय’ लिहिलंय. मुद्रितशोधक काकांनी फलकाचा मजकूर एकदा नजरेखालून घालावा अशी तिघांची विनंती आहे. शनिवारी संध्याकाळी मासुंदा तलावावर भेटता येईल का?