वेरूळचं कैलास लेणं: सगळ्यांसारखे फोटो नको आहेत, मार्गदर्शन हवं

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आईबाबांना घेऊन वेरूळला जातो आहोत. मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून बुधवारचा अख्खा दिवस तिथेच काढायचा बेत आहे. मी हौशी फोटोग्राफर. डीएसएलआर, त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ लेन्स आणि मोबाईल, एवढंच सामान. ट्रायपॉड नाही.

कैलासाचे (लेणं क्र. १६) फोटो शोधले की दोनच प्रकार दिसतात: डोंगरावरून तिरका घेतलेला पूर्ण मंदिराचा, नाहीतर अंगणातल्या हत्तीशेजारी उभं राहून काढलेला. दोन्ही सुंदरच, पण तेच मी पुन्हा काढून काय साधणार? आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, हे मंदिर एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलं, ही गोष्ट मला भारावून टाकते. फोटो बघणाऱ्याला तेच जाणवायला हवं. कसं साधावं?

शिवाय लेणी पश्चिमाभिमुख. सकाळी अंगण सावलीत आणि वर आभाळ पांढरंफटक, मग एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) कशाचं धरायचं? कैलास हलवणाऱ्या रावणाचं शिल्प दक्षिण बाजूला आहे, तिथे ऊन कधी येतं? आणि सभामंडपातल्या अंधाराचं काय करावं?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

सकाळची सावली वाया घालवू नका. आभाळ फ्रेमबाहेर ठेवलंत की एक्स्पोजरचा प्रश्नच मिटतो, आणि सावलीतल्या मऊ उजेडात कोरीवकाम छान उठून दिसतं. रावणाच्या शिल्पावर डिसेंबरात थेट उन्हाची वाट बघू नका, सूर्य दक्षिणेला कललेला आणि मधे उंच कडा. तेही सावलीतच काढा, रॉ फाईलमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली फाईल; नंतर उजेड सुधारता येतो).

वरून खाली कोरल्याचं दाखवायचं तर मंदिराइतकाच भोवतीचा कडा महत्त्वाचा. त्यावर छिन्नीचे घाव अजून दिसतात. दुपारनंतर तिरपं ऊन कड्याच्या ज्या भागावर पडेल तिथे घाव ठळक होतात. कडा आणि मंदिराची कड एकाच फ्रेममध्ये घ्या, पायथ्याशी एखादा माणूस येऊ द्या. आईबाबांनाच उभं करा की! उंचीचा अंदाज त्याशिवाय येत नाही.

डोंगरावरची वाट खुली असेल तर वर जरूर जा, पण लेन्स ५५वर (पूर्ण झूमवर) ठेवा. मंडपाच्या छतावर मोठं कमळ आणि त्याभोवती सिंह कोरलेले आहेत, फक्त तेवढंच टिपा. लोक अख्खं मंदिर मावावं म्हणून मागे सरकतात आणि नेमकं हेच राहून जातं.

सभामंडपात लेन्स १८वर (सगळ्यात रुंद), एफ ३.५ (लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनक्षमता) ३२००, श्वास रोखून क्लिक. फोटोत थोडे दाणे (ठिपके) आले तरी चालतील. फ्लॅश नकोच. खांबाला टेकू नका, हात हलत असेल तर कॅमेरा बॅगेवर ठेवून टायमर लावा.

उन्हं उतरायला लागली की १० नंबरच्या लेण्यातल्या चैत्यातही (बौद्ध प्रार्थनागृहात) जा. छताच्या दगडी फासळ्या लाकडी वाशांसारख्या कोरल्या आहेत, आणि तोंड पश्चिमेकडे असल्यामुळे तेव्हाच आत उजेड असतो.